सिग्नल पडेपर्यंतचं गाव

सकाळची पॅसेंजर आमच्या चुडाव्याला क्रॉसिंगला थांबली की सोपानराव डब्यात चढत. प्रवासाला नव्हे, त्यांना कुठंच जायचं नसे. दारातल्या दांड्याला धरून ते आत वाकत आणि डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "उतरा! गाव बघून जा. समोरची गाडी आल्याबिगर ही काय हलत न्हाई. खामखा बसून काय करायलाव?"

डब्यात नांदेडच्या कोर्टाला निघालेली माणसं असत, लेकीकडं निघालेल्या म्हाताऱ्या असत, पोतं उशाला घेऊन झोपलेले व्यापारी असत. यांतल्या कुणालाही चुडावा बघायचा नसे. पण रूळ एकेरी. समोरची गाडी येऊन शेजारच्या लाइनीतून गेल्याशिवाय आमची पॅसेंजर सुटायची नाही, आणि समोरची गाडी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसे. डब्यात बसून घाम पुसण्यापेक्षा बरं म्हणून पाच-सात जण उतरत. सोपानराव त्यांना ओळीनं घेऊन निघत. एक डोळा पाहुण्यांवर, एक डोळा सिग्नलच्या हातावर. हात पडला की अर्धवट वाक्य तिथंच टाकून ते ओरडत, "पळा!" आणि कोर्टाची माणसं धोतर सावरत, म्हाताऱ्या चप्पल हातात घेऊन, गाडीकडं पळत सुटत.

बघण्यासारखं आमच्या गावात काय होतं? किल्ला नाही, लेणं नाही, कुण्या राजाचा घोडा इथं पाणी प्यायला नाही. सोपानराव दाखवत ते असं: इंजिनात पाणी भरायचा निजामाच्या काळातला नळ. मग विजेचा डीपी. डीपीसमोर ते टोपी काढत. "ह्याला मामुली समजू नका. ह्याच्यापायी एका गावानं धा वर्सं अर्ज केलेत." मग वीज पडून अर्धा जळालेला लिंब, ज्याला फक्त उगवतीकडं पाला फुटतो. मग सरकारी विहीर. उन्हाळ्यात ती कोरडी असे. सोपानरावांना त्याची लाज नव्हती. "पाणी न्हाई, पण आवाज हाय. हाक मारा." माणसं एकमेकांकडं बघत. मग एखादा वकील हळूच आपलंच नाव घेऊन हाक मारी, आणि विहीर त्याला त्याचं नाव परत देई. "मामुली समजू नका," सोपानराव म्हणत. "मुंबईला हाक मारा बरं. येतंय का कुणी परत?"

शेवटचं ठिकाण आमचा वाडा. वाडा म्हणजे चौसोपी नव्हे, मेंढरांचा. काट्याच्या कुपाटीत साठ मेंढरं, लेंड्यांचा ढीग, आणि सूत कातत बसलेली माझी आई.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे राग कळेल. मी परभणीला कॉलेजात होतो. नामांतराच्या मोर्चांत घोषणा देऊन घसा बसलेला असे आणि बोटांना सायक्लोस्टाइलची शाई असे. आमच्या गावातला पहिला बी.ए. व्हायचा मान मी आणि दलित वस्तीतला उत्तम, दोघांत वाटून घेणार होतो. आम्हा तरुणांचं गावाबद्दलचं मत पक्कं होतं: गाव ही बघायची गोष्ट नाही, बदलायची गोष्ट आहे. आणि बदलत नसेल तर सोडायची. गावाला घट्ट धरून बसणारे आम्हाला वेडे वाटत, आणि गाव बघायला येणारे तर बदमाश.

सुट्टीत घरी आलो तर कुपाटीपाशी अकरा अनोळखी माणसं उभी. एकानं आमचं कोकरू उचलून धरलं होतं. दुसरा आईला म्हणत होता, "मावशी, जरा हसा की."

मी पुढं झालो. "सोपानराव, आमच्या घरची गरिबी बघायला तिकीट किती ठेवलंय?"

"तिकीट न्हाई बाबा. फुकट हाय."

"फुकट? आम्ही काय सर्कशीतली जनावरं आहोत?"

"जनावरं ती तिकडं हायत," मेंढरांकडं बोट करून ते शांतपणे म्हणाले. मग पाहुण्यांना, "हा आमच्या गावचा पोरगा. कॉलेजात हाय. रागाला आला की लय सुद्द बोलतो. मामुली समजू नका." आणि मला, "बोल की आजून जरा. त्यायला आयकू दे."

असल्या माणसाशी भांडणार कसं?

त्यांना सारा गाव जावई म्हणायचा. तोंडावर जावईबापू, पाठीमागं जावई. साठी आली तरी जावई. राणीसावरगावहून विसाव्या वर्षी ते घरजावई म्हणून आमच्या गावात आले. सासऱ्याला मूल एकच, गयाबाई. रानाला वारस पाहिजे म्हणून जावई आणला. आणि जावई आणल्यावर दोन वर्षांनी सासऱ्याला मुलगा झाला. बळीराम. गावात पेढे वाटले गेले आणि ते वाटायलाही सोपानरावच फिरले म्हणतात. त्यांनीच त्या बळीरामला खांद्यावर घेऊन पोळा दाखवला, शाळेत घातलं, त्याचं लग्न लावलं. रानात मात्र औत यांचं आणि सातबारा त्याचा. गयाबाईंना मूलबाळ झालं नाही. दोन वर्षांमागं त्या गेल्या. त्यानंतर जावईबापूंनी गाड्यांत चढायला सुरुवात केली. गाव म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. मीही तेच म्हणालो. एवढ्या मोर्चांत फिरणाऱ्या मला त्यापलीकडं काही सुचलं नाही, हे आता लिहिताना टोचतं.

मग ती भानगड झाली. एके दिवशी समोरची गाडी पुढच्याच स्टेशनवर अडकली. आमच्या पॅसेंजरला आधीच सोडायचं ठरलं. सिग्नलचा हात पडला तेव्हा जावईबापू विहिरीपाशी होते, विहिरीच्या काठावरून नऊ जण आत ओणवे होते, आणि आवाज घुमत असल्यामुळं शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. वर डोकं काढलं तेव्हा गाडीच्या शेवटच्या डब्याची पाठ दिसत होती.

नऊ जणांनी त्यांना घेरलं. एक बाई रडायला लागली. जावईबापू क्षणभर घाबरले, मग त्यांचा चेहरा उजळला. "चला," ते म्हणाले, "आता गाव बारकाईनं बघता येईल."

त्या दिवशी त्यांनी घरोघर फिरून एकेक भाकर मागितली. "पाहुणे आलेत" एवढंच म्हणत. कुणाचे, हे कुणी विचारलं नाही. आईनं तीन दिल्या आणि वर मेंढीच्या दुधाचं दही. पारावर पंगत बसली. दुपारच्या गाडीनं ते नऊ जण गेले तेव्हा रडणारी बाई आईकडून चटणीची पुडी बांधून घेत होती.

त्या नऊ जणांत पुण्याच्या कॉलेजातले एक सर होते. महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. पंचवीस विद्यार्थ्यांना घेऊन ते येणार होते, पुसाच्या महिन्यात, हुरडा खायला आणि 'खरं खेडं' अनुभवायला. मुलांनी उन्हातान्हात गाव बघितलं पाहिजे, असं काहीसं त्यात होतं. जावईबापूंनी कार्ड खिशात ठेवलं आणि गावभर वाचून दाखवलं. "माझे पाहुणे," ते म्हणत. "माझे" वर जोर.

आम्ही पेटलो. पुण्याची पोरं आमचा हुरडा खाणार, आमच्या मातीत दोन दिवस लोळणार, आणि घरी जाऊन सांगणार की खेड्यातले लोक गरीब पण किती आनंदी! मी आणि उत्तमनं पत्रक काढलं. एका बाजूचा मजकूर माझा, दुसऱ्या बाजूचा त्याचा. वेळ कमी होता, एकमेकांचं वाचायचं राहिलं. माझ्या बाजूला ठळक: "आमचं गाव हे प्रदर्शन नाही! पर्यटकांनो, चालते व्हा!" उत्तमच्या बाजूला तितकंच ठळक: "गाव दाखवता, मग वस्ती का वगळता? आम्ही गावात नाही काय?" स्टेशनवर काळे झेंडे दाखवायचं ठरलं.

पत्रकाची पहिली प्रत जावईबापूंनीच मागून घेतली. लिंबाखाली बसून, बोट ठेवून, एक बाजू वाचली. उलटून दुसरी वाचली. परत पहिली वाचली.

"मंग येऊ का नको?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी तेव्हा कुठं पत्रक उलटून एकमेकांची बाजू वाचली.

"हिकडून म्हणता येऊ नका, तिकडून म्हणता आला कामून न्हाई. मला खरंच कळंना. मी तर जावई माणूस. बोलावल्याबिगर कुणाच्या दारात जाता येत न्हाई मला. ह्याच्या आईनं या म्हणलं म्हणून वाड्यावर जातो; वस्तीतून कुणी म्हणलं न्हाई, म्हणून तिथं आणलं न्हाई कुणाला. सरळ बोलवा, न्हाईतर सरळ हाकला. पण एका कागदाच्या दोन अंगाला धरू नका, बाबा."

आधी उत्तमला हसू फुटलं. मग तो गंभीर झाला. "या," तो म्हणाला. "पण नुसतं बघून जायचं नाही. ज्याच्या घरचा चहा प्याला त्याचंच घर बघायचं. एकानं जरी कप टाळला तर बाकीच्यांनीबी उठायचं."

"लय बेस," जावईबापू म्हणाले आणि खिशातून पेन्सिल काढून कार्डाच्या मागं लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. दिवसाचा सगळा कार्यक्रम तिथं होता. डीपीच्या वर लिहिलं होतं: स्टेशन, काळे झेंडे.

"आमचा निषेध तुमी कार्यक्रमात घातला?"

"गावात लिहिणारी, भांडणारी पोरं हायत हे त्यायला दिसू दे की. मामुली हाय का? किती वाजता करता तेवढं सांगा, मंग मी चहाचं बघतो."

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी आणि उत्तम झेंड्याचं काळं कापड घेऊन बळीरामच्या रानावरून चाललो होतो. हुरडा भाजायच्या आगटीसाठी जावईबापूंनी खड्डा खणला होता, गोवऱ्या रचल्या होत्या. बळीराम बांधावर उभा होता. तो वाईट माणूस नाही. त्यालाही दोन पोरी आहेत, देणंघेणं आहे. पण तो म्हणत होता ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"दाजी, पाहुणे तुमचे, रान माझं. पंचवीस माणसं रानात शिरली तर अर्धं पीक तुडवून जातील. आक्का व्हती तवर मी काय बोललो का? आता संक्रांत झाली की तुमी सावरगावला जावा. तुमचे पुतणे हायत तिथं."

"पुतणे मला वळखत न्हाईत, बळीराम."

"वळखतील की. गेल्यावर वळखतील."

जावईबापूंनी गोवऱ्या एकेक करून परत टोपल्यात भरल्या. चाळीस वर्षं ज्या रानात ते राबले तिथं ज्वारीच्या एका ताटावरही त्यांचं नाव नव्हतं, आणि पंचवीस जणांना हुरड्याचं आवतण देताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माणूस चाळीस वर्षं ज्वारी पेरत राहिला की त्याला ती आपली वाटते. एवढीच त्यांची चूक.

टोपलं डोक्यावर घेऊन ते बांधावर आले. आम्हाला बघून थांबले. हातातलं कापड बघितलं.

"झेंडे किती वाजता म्हणलाव?"

मला राहवलं नाही. "आमच्या रानात दोन पट्टे ज्वारी हाय. कणसं हुरड्यात आलीत."

"तुमी तर निषेध करायलाव."

"निषेध स्टेशनवर. हुरडा रानात."

उत्तमनं त्यांच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. आईला घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मला कामून इचारायलास? तुडवली तर मेंढरं खातील." तिनं जवसाची चटणी कुटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. सर आणि त्यांची पंचवीस पोरं उतरली. आम्ही सहा जणांनी काळे झेंडे दाखवले, घोषणा दिल्या. पुण्याची पोरं टाळ्या वाजवू लागली. त्यांना वाटलं स्वागत आहे. जावईबापूंनी प्रत्येकाच्या हातात आमचं पत्रक ठेवलं. "दोन्ही बाजू वाचा. ह्या बाजूला येऊ नका म्हणलंय, त्या बाजूला या म्हणलंय. मी इचारून घेतलंय. या."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निष्फळ आंदोलन ते.

डीपी झाला, लिंब झाला, विहिरीत पंचवीस नावं घुमली. वाड्यापाशी कॅमेरावाल्या एका पोरानं आईला हंडा बाजूला ठेवायला सांगितलं. "स्टीलचा नको, काकू. पितळेचा किंवा मातीचा नाही का? म्हणजे खरं गाव वाटेल."

जावईबापू मधे गेले. "पितळंचा मोडीत गेला, बाबा. हा स्टीलचा तिनं स्वतः आणलाय, लोकर इकून. तुमच्या फोटूत हा येत नसंल तर फोटू खोटा हाय."

फोटोत हंडा आला. आई त्याच्याशेजारी इतकी ताठ बसली की तोच तिचा मुलगा वाटावा.

वस्तीत उत्तमच्या आईनं चहा केला. कपबशा अकराच होत्या, तीन खेपा झाल्या. दोन पोरं चुळबुळत मागं सरकली. जावईबापूंनी पहिला कप उचलला, आवाज करत प्याला, आणि त्या दोघांकडं बघून म्हणाले, "गरम हाय तवर घ्या. न्हाईतर समद्यांलाच उठावं लागंल. ह्या घरचा कायदा हाय." त्यातल्या एकानं घेतला. मग दुसऱ्यानंही. उत्तम दाराला टेकून उभा राहून मोजत होता. पंचवीस झाल्यावर तो आत आला आणि बसला.

आमच्या रानात आगटी पेटली. भाजलेली कणसं मी पोत्यावर चोळून देत होतो. शेजारची मुलगी म्हणाली, "तुम्ही किती लकी आहात! रोज एवढी शांतता!"

"मे महिन्यात या," मी म्हणालो. "रांगेत हंडे वाजत असतात, तेव्हा शांतता किती ते बघा. दोन दिवस राहायला सगळीच गावं चांगली असतात." मी तासभर बोललो असतो, पण तिनं पुढं विचारलं, "मग तुम्ही सोडून जाणार?" पत्रकात याची जागाच नव्हती. तिच्या पलीकडं एक पोरगा कणीस तळहातावर सराईतपणे चोळून, फुंकर मारून दाणे तोंडात टाकत होता. मी बघतोय हे कळताच त्यानं हात थांबवला. हळूच म्हणाला, "मी खेड्यातलाच आहे. यांना सांगितलेलं नाही." मी त्याला आणखी दोन कणसं दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत निघाले. गाडी सुटताना सर खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "सोपानराव, तुमचं गाव फार आवडलं हो!" मागून पोरं ओरडली, "काका, तुमचं गाव भारी आहे!"

गाडी गेली. जावईबापू फलाटाच्या बाकावर बसले. मी उरलेली पत्रकं गोळा करत होतो.

"आयकलंस का, काय म्हणले ते?" त्यांनी विचारलं.

"गाव आवडलं म्हणाले."

"तसं न्हाई. तुमचं गाव, म्हणले." ते रुळांकडं बघत होते. "गया एकदा म्हणलती, आपलं गाव. मेली ती. चुडाव्यातलं माणूस मला इचारतं, जावई, तुमच्या गावाकडं पाऊस हाय का? चाळीस वर्सं. गाडीतली माणसं मातर हमेशा म्हणतेत. त्यायला काय ठाऊक असतंय! मी दाखवायलोय म्हणजी माझंच आसंल, असं वाटतंय त्यायला."

कुठल्याही चौकात अर्धा तास बोलू शकणारा मी. पत्रकं बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. गाड्यांमागं पळणारं ते वेड म्हणजे काय होतं, ते मला त्या बाकावर कळलं.

"आमच्या रानात राखणीला बांधलेला कोप हाय," मी शेवटी म्हणालो. "कुडाचा हाय, पण गळत न्हाई. आई म्हणत होती, रानात माणूस पाहिजे. आणि पुढच्या साली परत पाहुणे आले तर आगटी तिथंच लागणार."

"ऱ्हाऊ का मंग? गाव काय म्हणंल?"

"आपल्या गावात राहायला कुणाला विचारायचं असतं का?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि उठले.

संक्रांत झाली. त्या सकाळी मी दारात दात घासत होतो. जावईबापू बळीरामच्या घराकडून येताना दिसले. पत्र्याची पेटी आधीच कोपात पोचली होती. आता डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर गयाबाईंच्या जात्याचा वरचा दगड होता. घरातलं दुसरं काहीच त्यांनी मागितलं नव्हतं. मी पुढं झालो तर मानेनंच नको म्हणाले. तो कोपात ठेवून परत गेले आणि खालचा घेऊन आले.

विहिरीपाशी बाया होत्या. लिंबाखाली म्हातारे बसले होते. गावात कुण्या घरी परगावचे दोघे पाहुणे आले होते, तेही तिथंच विडी ओढत टेकले होते. जावईबापू त्यांच्यासमोरून गेले, डीपीखालून गेले. कुठं थांबले नाहीत, कुणाला काही दाखवलं नाही. जड ओझं घेऊन घरी निघालेला कुणीही गावातला माणूस जातो, तसे खाली बघत, सरळ चालत गेले.